गोठ्यात, होडीवर आणि परसात : जनावरांशी न्यायाने वागण्याची रीत

कोकणात एखाद्या घरी गाय किंवा बैलजोडी घ्यायची ठरली की चार जाणती माणसे जमतात, दात पाहिले जातात, कास दाबून पाहिली जाते, चाल पाहिली जाते, अंगावरचा भोवरासुद्धा कोणी तरी निरखतो. एवढ्या सगळ्या चौकशीत एक प्रश्न मात्र मी आजवर एकाही व्यवहारात ऐकलेला नाही, तो म्हणजे हे जनावर काम देईनासे झाले की त्याचे काय करायचे. पुढे जे लिहिले आहे ते बहुतांशी या न विचारलेल्या प्रश्नाभोवतीचे आहे. ज्यांच्या दारात गुरे आहेत, ज्यांची होडी आहे, ज्यांच्या बागेत वानरे आणि रानडुकरे येतात, आणि जे फक्त गणपतीला किंवा शिमग्याला गावी येऊन कुत्र्यामांजरांना चार दिवस लळा लावून परत जातात, त्या सर्वांना जनावरांविषयीचे आपले कर्तव्य रोजच्या कामात कसे उतरवायचे हे यातून कळावे, एवढाच हेतू आहे.

कसोटी कोणती लावावी

जनावरांविषयी बोलताना आपल्या तोंडी पहिला शब्द येतो तो दया. शब्द चांगला आहे, परंतु रोजच्या वागणुकीला तो पुरत नाही, कारण दया आपल्या मनाच्या लहरीवर आणि समोरच्या जनावराच्या रूपावर अवलंबून असते. दिवाळीच्या पाडव्याला ज्या बैलाच्या अंगावर आपण गेरूचे ठसे उठवतो, ज्याला ओवाळून गोडधोड खाऊ घालतो, त्याच बैलाला मृगाच्या पावसात चिखलात पाय रुतला म्हणून पराणी टोचताना आपला हात अडखळत नाही. म्हणून दयेवर सगळा भार न टाकता तीन साधे प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय लावावी. आपण जे करत आहोत त्यामुळे या जिवाला वेदना, भीती किंवा उपासमार होत आहे का; ती टाळता येण्यासारखी आहे का; आणि ती टाळण्यासाठी आपल्याला जे सोसावे लागेल, ते त्याच्या सोसण्यापेक्षा खरोखर मोठे आहे का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सहसा प्रामाणिकपणे दिली जातात. तिसऱ्या प्रश्नापाशी मात्र आपण आपली अर्ध्या तासाची गैरसोय त्याच्या महिनाभराच्या यातनेहून जड मानतो, आणि तिथेच सावध राहायला हवे.

जेरेमी बेंथॅम या इंग्रज विचारवंताने १७८९ साली म्हटले होते की जनावरांना बुद्धी आहे का किंवा त्यांना बोलता येते का हा प्रश्न नव्हे, त्यांना यातना होतात का हा खरा प्रश्न. आपल्याकडे तीच गोष्ट कथेतून आली आहे. काशीहून आणलेली गंगेची कावड एकनाथांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ते गाढव नाथांच्या मालकीचे नव्हते, त्याचा त्यांना काही उपयोग नव्हता, आणि ते पाणी मोठ्या संकल्पाने आणलेले होते. कर्तव्य मालकीपासून सुरू होत नाही, तहान आपल्याला दिसली त्या क्षणापासून सुरू होते, असा मी या कथेचा अर्थ लावतो.

कायद्याची भूमिकाही याच्या जवळची आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या विधेयकातून पुढे वाट निघाली आणि १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्याच्या तिसऱ्या कलमात, जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याचे क्षेम पाहावे आणि त्याला अनावश्यक वेदना होऊ देऊ नये, असे कर्तव्यच सांगितले आहे. कलमात ‘मालक’ एवढाच शब्द नाही, ‘ताबा असलेला’ असा आहे, याकडे लक्ष द्यावे; म्हणजे मालक मुंबईला असला तरी गुरे राखणारा किंवा बागेचा राखणदार यांनाही हे कर्तव्य चुकत नाही. सजीवांविषयी कणव बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून राज्यघटनेत १९७६ सालच्या दुरुस्तीने आले. पुढे ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या खेळांविषयी निकाल देताना जनावरांच्या पाच स्वातंत्र्यांचा आधार घेतला : भूक-तहानेपासून, गैरसोयीपासून, वेदना आणि रोगापासून, भीतीपासून मुक्तता, आणि आपल्या जातीच्या स्वभावानुसार वागण्याची मोकळीक. गोठ्यात उभे राहून ही पाच बोटांवर मोजावीत. माझ्या अनुभवात चौथे आणि पाचवे बोट बहुतेक गोठ्यांत दुमडलेले राहते.

जनावरांचा वापर करावा पण त्यांना छळू नये असे म्हणणारे आणि त्यांचा वापरच करू नये, कारण त्यांचे जिणे त्यांचे स्वतःचे आहे, असे म्हणणारे, असे दोन पक्ष या विषयात आहेत. दुसऱ्या पक्षाची बाजू अमेरिकन तत्त्वज्ञ टॉम रीगन यांनी नेटाने मांडली. मला ती खोडून काढता आलेली नाही आणि पूर्णपणे आचरताही आलेली नाही. परंतु आज गोठ्यात बांधलेल्या जनावराच्या दृष्टीने पाहिले तर दोन्ही पक्ष जिथवर एकमताने जातात तेवढा पल्लादेखील आपण अजून गाठलेला नाही, आणि तो गाठण्यासाठी वाद मिटण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

दावे बांधण्याआधी

गाय-बैल पंधरा ते वीस वर्षे जगू शकतात. बैल त्यांतली सात-आठ वर्षे भर कामाची देतो, गाय काही वेते देते, आणि उरलेली वर्षे कोणाच्या हिशेबात नसतात. म्हणून जनावर घेण्याआधी चाऱ्याचा हिशेब कागदावर मांडावा. आपल्याकडची लहान चणीची गुरे, म्हणजे आता कोकण कपिला म्हणून नोंदली गेलेली जात, अडीचशे किलोच्या आसपास भरतात, आणि अशा जनावराला दिवसाला सुमारे सहा किलो सुका चारा लागतो. कातळावरचे गवत वाळून संपल्यावर फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांसाठी एका जनावरामागे सातशे किलोंहून अधिक पेंढा माळ्यावर किंवा उडवीत असायला हवा. भातशेती कमी झाली तसा पेंढाही कमी झाला, ही अडचण खरी आहे. पण ती आधी मोजली तर दोन गुरांच्या जागी एक ठेवता येते, आणि नंतर कळली तर मे महिन्यात गुरे सोडून दिली जातात.

दुधासाठी गाय किंवा म्हैस ठेवणाऱ्याने नर वासराचा विचार व्यायल्यानंतर नव्हे, गाभण करण्याआधी करावा. रेडकाला पुरेसे दूध न पाजता हळूहळू मरू देणे हा प्रकार आपल्या गावांत कोणी उघड बोलत नाही, परंतु सगळ्यांना माहीत असतो. शाकाहारी घरात आणि मांसाहारी घरात तो सारखाच घडतो, त्यामुळे दूध निर्दोष आणि मासा सदोष अशी सोपी वाटणी मला मान्य नाही. मादी वासरे व्हावीत म्हणून वेगळ्या केलेल्या वीर्यमात्रा आता पशुवैद्यकीय दवाखान्यांतून मिळू शकतात. त्यांनी दहापैकी साधारण नऊ वेळा कालवड किंवा पारडी होते. ती चौकशी आधी करावी, आणि तरीही नर झालाच तर त्याच्या वाट्याचे दूध त्याला पाजण्याची तयारी ठेवावी.

कामाचे जनावर

जूनमध्ये नांगर धरणाऱ्या प्रत्येकाने संध्याकाळी जू उतरवल्यावर एक गोष्ट करावी. बैलाच्या खांद्यावर हाताचा तळवा नव्हे, तळव्याची मागची बाजू ठेवावी, कारण तिथली कातडी पातळ असते आणि ऊब लवकर कळते. खांदा आजूबाजूच्या अंगापेक्षा गरम लागला, दाबल्यावर बैलाची कातडी माशी बसल्यासारखी थरथरली किंवा त्याने मान खाली घेतली, तर खांदा येऊ लागला आहे असे समजावे. या वेळी डोळ्यांना काहीच दिसत नाही. दोन-तीन दिवसांनी सूज दिसते, मग केस जातात, मग कातडी फाटते, आणि चिखलाच्या पाण्याने ती जखम चिघळते. पावसात भिजून मऊ झालेली कातडी, दोन बैलांच्या उंचीतला फरक आणि जुवाच्या लाकडाची न घासलेली कड ही याची नेहमीची कारणे आहेत. पहिल्या दिवशी गार पाण्याच्या घड्या ठेवून चार-पाच दिवस पूर्ण विश्रांती दिली तर बहुतेक खांदे उतरतात. सूज घट्ट झाली असेल तर घरगुती लेपात वेळ न घालवता पशुवैद्यकाला दाखवावे. जखम असलेल्या जनावराला कामाला लावणे हा १९६० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, पण त्याहून महत्त्वाचे असे की त्या जखमेवर पुन्हा जू ठेवताना बैल डोळे कसे मोठे करतो, हे एकदा समोरून पाहावे. बहुतेक जण मागे उभे असतात, म्हणून त्यांना ते दिसत नाही.

गाड्या आणि ओझी ओढणाऱ्या जनावरांसाठी १९६५ साली केलेल्या नियमांत दिवसाला एकूण नऊ तासांहून अधिक काम नको, सलग पाच तासांहून अधिक नको, आणि तापमान ३७ अंशांवर गेले तर दुपारी बारा ते तीन काम नको, असे सांगितले आहे. टोकाला खिळा ठोकलेली काठी वापरण्यासही त्यात मनाई आहे. हे नियम गाडीसाठी लिहिलेले असले तरी नांगराला तेच माप लावावे, आणि पराणीचा खिळा आजच काढून टाकावा. खिळ्याशिवाय जो बैल चालत नाही, तो एक तर दमलेला असतो, आजारी असतो, नाही तर त्याला काम नीट शिकवलेले नसते. यांपैकी एकाही गोष्टीवर खिळा हे औषध नाही.

चिखल नांगरणीच्या स्पर्धा आता रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात गर्दी खेचतात. बैलांच्या शर्यतींना महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती करून वाट दिली आणि १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांच्या अशा दुरुस्त्या वैध ठरवल्या, त्यामुळे अटी पाळून भरवलेली शर्यत आज बेकायदा नाही. तरी बैल नेणाऱ्याने स्वतःशी एक गोष्ट ताडून पाहावी : शेपटी न पिरगाळता, न मारता, न टोचता आपला बैल त्या वेगाने धावला असता का. नसता, तर तो भीतीने धावला आहे, आणि टाळ्या त्याच्या भीतीला पडल्या आहेत. माझ्या मते अशा स्पर्धेत बैल नेऊ नये.

काम संपल्यावर

काही वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका रात्री महामार्गावर आम्हा तिघांना एक बैल पडलेला दिसला. ट्रकची धडक बसून त्याचा मागचा पाय मांडीपाशी मोडला होता. पावसाळ्यात कडेला चिखल, उंच गवत आणि चिलटे असतात, डांबर मात्र कोरडे आणि दिवसाच्या उन्हाने कोमट असते, म्हणून मोकाट गुरे रात्री रस्त्यावरच बसतात. त्यांच्या परीने त्यांनी निवडलेली ती चांगली जागा असते. त्या बैलाच्या गळ्यात दाव्याचा वीतभर तुकडा होता आणि त्याचे टोक कोयत्याने एका घावात तोडल्यासारखे सरळ होते. म्हणजे तो चुकून सुटून आलेला नव्हता. त्याला कोणी तरी इथवर आणले होते आणि गाठ सोडण्याइतकाही वेळ न दवडता दावे कापले होते. सकाळी डॉक्टर येईपर्यंत आम्ही त्याच्यावर ताडपत्री धरून बसलो. तो ओरडला नाही, फक्त दर थोड्या वेळाने उठण्याचा प्रयत्न करत राहिला. तो वाचला नाही.

गरज सरो, वैद्य मरो ही म्हण आपण माणसांसाठी वापरतो, पण पॉवर टिलर आल्यापासून ती आपल्या गोठ्यांत जशी खरी झाली आहे तशी कुठेच झालेली नाही. भात कापून झाल्यावर गुरे मोकळी सोडण्याची कोकणातली जुनी रीत वेगळी होती. तेव्हा संध्याकाळी गुरे परत येत आणि न आलेल्या जनावराला शोधायला माणूस जाई. रात्रीही न शोधणे, हे सोडून देणे आहे, आणि जनावर सोडून देणे हा कायद्याने गुन्हा आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. त्या कायद्याविषयी कोणाचे काहीही मत असो, पेंढा आणि पाणी देण्याची जबाबदारी त्याने कोणा दुसऱ्यावर टाकलेली नाही. ती ज्याने दावे बांधले त्याच्याकडेच आहे.

ती कशी पेलावी याचे काही व्यवहार्य मार्ग आहेत. म्हाताऱ्या जनावराला कामाच्या जनावराएवढा खुराक लागत नाही, पण चावता येईल असा मऊ चारा लागतो, म्हणून पेंढा बारीक कापून आणि थोडा भिजवून घालावा. ते दिवसाला आठ-दहा किलो शेण देते, आणि आंबा-काजूच्या बागायतीत शेणखताला मागणी असते. गायरीतल्या खताचे पैसे घरखर्चात न मिसळता त्याच जनावराच्या चाऱ्यासाठी बाजूला ठेवले तर बराचसा भार उतरतो. शेत सामाईक असेल तर मुंबईकर भावांकडे बैलासाठी वर्गणी मागण्यात संकोच करू नये, कारण त्याने नांगरलेल्या शेताचे तांदूळ त्यांनीही खाल्ले आहेत. हे काहीच जमत नसेल आणि गोशाळेत द्यायचे असेल तर आधी तिथे मे महिन्यात, न कळवता जाऊन पाहावे. गव्हाणी भरलेल्या आहेत का, आजारी जनावरे वेगळी बांधली आहेत का, आणि मागच्या वर्षी आलेली जनावरे आज कुठे आहेत, हे विचारावे. जनावर संध्याकाळी घरी येणार नाही असे वाटत असेल तोवर तरी त्याच्या गळ्यात रेडियमचा पट्टा असू द्यावा. आणि ते असाध्य दुखण्याने तडफडत असेल तर त्याला रात्रभर तसे ठेवणे म्हणजे दया नव्हे. अशा वेळी काय करता येईल ते पशुवैद्यकाला स्पष्ट विचारावे. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

मारावे लागते तेव्हा

मी मासे खातो. मासे खाणाऱ्याने जनावरांच्या हक्कांविषयी बोलू नये, असे मला अनेकदा ऐकवले गेले आहे, आणि त्यात तथ्य आहे हे मी नाकारत नाही. परंतु जो मारून खातो त्यालाच कसे मारले जाते हे पाहण्याचे कर्तव्य अधिक आहे. आपल्या स्वयंपाकघरातले सर्वांत क्रूर काम कोणते असे मला विचारले तर मी कुर्ल्यांचे नाव घेईन. जिवंत कुर्ली पालथी धरून तिच्या नांग्या एकामागून एक मोडायच्या, मग पाय तोडायचे, मग कवच उपटायचे, आणि हे सगळे होईपर्यंत ती हालत असते. लहान मुले भोवती बसून हे पाहतात. कुर्ल्यांना वेदना होत नाहीत, असे आपण धरून चाललो. ब्रिटनने २०२२ साली प्राण्यांच्या संवेदनक्षमतेविषयी कायदा केला तेव्हा उपलब्ध पुरावा तपासून खेकडे, शेवंड, माकूल आणि कोळंबी यांनाही त्यात घेतले. करायचे एवढेच की पातेल्यात भरपूर बर्फ आणि थोडे खारे पाणी घालून त्यात कुर्ल्या किमान वीस मिनिटे पूर्ण बुडवून ठेवाव्यात, पाय ओढल्यावर किंवा डोळ्याला काडी लावल्यावर काहीच हालचाल होत नाही याची खात्री करावी, आणि मग लगेच धारदार सुरीने पोटाकडून मधोमध कापून पुढचे काम करावे. चवीत काही फरक पडत नाही. नांग्याही गळत नाहीत.

कोंबड्यांच्या बाबतीत मरण्याच्या क्षणापेक्षा त्याआधीचा प्रवास अधिक वाईट असतो. बाजाराच्या दिवशी दुचाकीच्या हँडलला पायांनी उलट्या बांधलेल्या सहा-सात कोंबड्या, चोची उघड्या, माना वर उचलण्याची धडपड, हे चित्र आपल्याला इतके सरावाचे झाले आहे की ते आता दिसतच नाही. वेदना होईल अशा रीतीने जनावर वाहून नेणे १९६० च्या कायद्याने निषिद्ध आहे. बांबूची जाळीदार टोपली, खाली पेंढा आणि वर ओले गोणपाट, एवढ्याने काम भागते. राखणीला, म्हणजे राखणदार देवाला, कोंबडा देण्याची प्रथा ज्यांच्या घरी आहे त्यांना मी ती सोडा असे सांगायला जाणार नाही. तो निर्णय घरातल्यांनी आणि गावकऱ्यांनी घ्यायचा. अनेक घरांनी कोंबड्याच्या जागी नारळ ठेवला आहे आणि गाऱ्हाणे तसेच घातले जाते, एवढे मात्र पाहिलेले सांगतो.

होडीवरच्या माशांना आपण मारतही नाही, ते गुदमरून मरतात. मोठा मासा डोक्यावर एका जोरदार घावाने मारावा आणि लहान मासळी ताबडतोब बर्फात घालावी. एक जून ते एकतीस जुलै ही ६१ दिवसांची मासेमारी बंदी आणि महाराष्ट्राने २०२३ साली ५४ प्रजातींसाठी ठरवलेली किमान लांबीची मर्यादा या दोन्ही गोष्टी मत्स्यसाठ्यासाठी आहेत, जनावराच्या हक्कासाठी नाहीत. तरी अंडी न घातलेले पिल्लू पापलेट बाजारात घेऊ नये, हे खरेदी करणाऱ्याच्याही हातात आहे.

जे आपले नाही

रानातले जनावर आपल्या ताब्यात नसते, त्याला चारा घालणे हे आपले काम नाही, आणि त्याने केलेले नुकसान मात्र आपल्याला सोसावे लागते. वानरांनी एका सकाळी नारळाची अर्धी बाग ओरबाडल्यावर शेतकऱ्याला जे वाटते ते शहरात बसून समजत नाही. म्हणून शेतकऱ्याने हुसकावू नये, असे मी कधीच म्हणणार नाही. राखण करावी, कुत्रा ठेवावा, झटका मशीन लावावे, नुकसान झाले की लगेच वनखात्याकडे पंचनाम्यासाठी अर्ज करावा.

परंतु फासकी लावू नये. रानडुकरासाठी कुंपणाच्या वाटेवर लावलेला तारेचा फास कोण येत आहे ते पाहत नाही. कोकणात दरवर्षी अशा फासक्यांत बिबटे अडकतात. तार कमरेला आवळली जाते, सुटण्यासाठी जितकी ओढ द्यावी तितकी ती आत रुतते, आणि सापडेपर्यंत कित्येकदा एक रात्र आणि एक दिवस उलटलेला असतो. हुसकावलेले जनावर दुसरीकडे जाते, फासकीतले जनावर जिथल्या तिथे तासन्‌तास मरत राहते, हा फरक न्यायाच्या दृष्टीने फार मोठा आहे. तीच गोष्ट थेट विजेच्या तारेची. झटका मशीन क्षणभर झटका देऊन पळवते, घरातली वीज कुंपणात सोडली तर डुक्कर मरते आणि पहाटे शौचाला गेलेला माणूसही मरतो.

विहिरीला कठडा नसेल तर तो बांधावा. बिबटे, सांबरे आणि भेकरे रात्री विहिरीत पडण्याचे प्रकार आपल्याकडे नेहमी घडतात. जनावर पडलेच तर त्याला टेकायला मिळेल असे लाकूड किंवा फळी दोराने अलगद खाली सोडावी, लोकांना लांब काढावे आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. गर्दी आणि मोबाइलचे दिवे यांनी घाबरून जनावर पोहत राहते आणि दमून बुडते. घरात साप निघाला तर काठीआधी सर्पमित्राची आठवण व्हावी. धामण गाईचे दूध पिते ही समजूत खोटी आहे, ती उंदीर खाते. जांभ्याच्या चिऱ्यांखाली फुरसे असते, तिथे हात घालण्याआधी काठीने चिरा उलटावा, म्हणजे माणूसही वाचतो आणि फुरसेही. दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडताप आढळलेला आहे, त्यामुळे मेलेले माकड दिसले तर हात न लावता कळवावे.

जाळ्यात कासव आले तर लक्षात ठेवावे की ते फुफ्फुसांनी श्वास घेते आणि पाण्याखाली अडकून राहिले तर बुडून मरते. निपचित पडलेले कासव मेले असे समजून लगेच टाकू नये. त्याला सावलीत पोटावर ठेवून मागचा भाग सहा इंच उंच करावा, म्हणजे छातीतले पाणी निघते. अंगावर ओले फडके घालावे आणि धीर धरावा, कित्येक तासांनी ते हालू लागते. संरक्षित प्राणी सोडण्यासाठी जाळे कापावे लागले तर त्याची २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देणारी योजना राज्याने २०१८ च्या अखेरीस आणली, त्यासाठी सोडतानाचे छायाचित्र काढून ठेवावे. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू केले, त्याआधी तिथली अंडी खाल्ली आणि विकली जात. आज गावकरीच ती राखतात आणि पिल्ले समुद्राकडे जाताना पाहायला लांबून लोक येतात. पाहायला जाणाऱ्याने दिवा किंवा फ्लॅश वापरू नये, कारण पिल्ले उजेडाच्या दिशेने वळतात.

पर्यटकाला एवढेच सांगायचे की उंटावर किंवा घोड्यावर बसण्याआधी त्याची पाठ, गुडघे आणि तोंडातली कडी पाहावी, जवळ पाणी आणि सावली आहे का ते पाहावे, आणि नसेल तर बसू नये. डॉल्फिनमागे होडी पळवणाऱ्याला पैसे देऊ नयेत. आणि गणपतीत ज्या कुत्रीला रोज मोदक घातले तिच्यासाठी जाण्याआधी शेजाऱ्यांशी बोलून तिच्या नसबंदीची आणि रेबीजच्या लसीची सोय करावी. ते केले नाही तर दहा दिवसांच्या लळ्यातून पुढच्या वर्षी सहा उपाशी पिल्ले उभी राहतात. आंब्याचा हंगाम संपवून जाणाऱ्या बागायतदारांनीही आपल्या राखणीच्या कुत्र्यांना तसेच मागे सोडू नये.

दुसऱ्याच्या हातून घडताना

गावात हे सर्वांत अवघड असते, कारण बैलाला मारणारा आपला चुलता असतो किंवा रोज भेटणारा शेजारी असतो. चारचौघांत बोलू नये, त्याने माणूस हट्टाला पेटतो आणि राग जनावरावर निघतो. एकटा गाठून बोलावे, आणि ‘तुम्ही क्रूर आहात’ असे न म्हणता ‘काका, पाखऱ्याचा खांदा आलाय, चार दिवस माझी जोडी घेऊन जा’ असे म्हणावे. मदत देऊ केली की दहातले सात-आठ जण ऐकतात. जे ऐकत नाहीत त्यांच्याविषयी तारीख, वेळ आणि जागा दिसेल अशी छायाचित्रे काढून पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये एवढाच दंड आहे आणि तो लाजिरवाणा आहे. मात्र जनावराला विष घालणे, ठार मारणे किंवा अपंग करणे यासाठी भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, म्हणून घटना तशी असेल तर तक्रारीत त्या कलमाचा उल्लेख करावा. तक्रार देऊन झाल्यावर काम संपले असे समजू नये. आठ दिवसांनी पुन्हा त्या गोठ्यात जावे, आणि तळव्याची मागची बाजू लावून त्या बैलाचा खांदा पाहावा.